सेल्फ मारला, पण गाडी सुरू होत नाही

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. शेतावर, खाणीत, बांधकामावर किंवा जंगलवाटांवर माणसं आणि सामान वाहणारी यूटीव्ही, म्हणजे साइड-बाय-साइड गाडी, सुरू होत नाही. आणखी एक गोष्ट पत्रापत्रांत दिसली. लिहिण्याआधीच कुणी बॅटरी बदलली आहे, कुणी प्लग, तर कुणी अख्खा इंधन पंप. भाग नवा आला तरी दोष जागच्या जागीच. म्हणून खालच्या उत्तरांत आधी काय ऐकायचं आणि काय मोजायचं ते सांगितलं आहे, बदलायचं काय ते त्यानंतर. लागणारी हत्यारं थोडीच आहेत : एक मल्टिमीटर, प्लगचा पाना, ठिणगी तपासायचा टेस्टर आणि किल्ली धरायला एक माणूस. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा.

प्रश्न : बॅटरी दोन महिन्यांपूर्वी नवी बसवली. दिवे, डिस्प्ले सगळं लख्ख लागतं. किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. स्टार्टर मोटर बदलायची का?

उत्तर : इतक्यात नको. ‘टक्’ आवाज झाला म्हणजे किल्लीपासून स्टार्टर रिलेपर्यंतचं (रिले म्हणजे मोटरचा जाड करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच) सर्किट ठीक आहे आणि रिले ओढला जातोय. दोष त्याच्या पुढच्या जाड वायरींच्या वाटेवर आहे. ही वाट बॅटरीपासून रिले, रिलेपासून मोटर आणि मोटरच्या अंगापासून अर्थ वायरने परत बॅटरीपर्यंत अशी आहे.

दिवे लागतात म्हणून बॅटरी आणि वायर चांगली, असं समजू नका. समजा, वाटेत कुठेतरी फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आहे. दिव्यांना ५ अँपिअर लागत असतील तर तिथे पाव व्होल्ट पडेल, डोळ्यांना फरकही कळणार नाही. स्टार्टर मोटर १०० अँपिअर मागायला गेली की त्याच जागी ५ व्होल्ट जातात आणि मोटरच्या वाट्याला सातच उरतात. मोटर हलत नाही.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. टोकं वायरच्या लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नको, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवा. गाडी काही तास उभी असेल तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. नुकतीच चार्जिंगवरून काढली असेल तर आधी दोन मिनिटं हेडलाइट लावा, म्हणजे वरवरचा फुगीर आकडा खाली येईल. आता दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा.

आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर एकतर बॅटरीत दम नाही, किंवा मोटर फार करंट ओढतेय. बॅटरी नवी असली तरी ती दोन महिने धड चार्ज झालीच नसेल, हे विसरू नका. आकडा १२.४ च्या आसपासच राहिला तर करंट वाहतच नाहीये. वाट कुठेतरी तुटलेली आहे.

वाट शोधायची ती अशी. लाल टोक बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर, काळं टोक स्टार्टर मोटरच्या जाड बोल्टवर. किल्ली फिरवलेली असताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष या दोन टोकांच्या मध्ये आहे. मग काळं टोक एक-एक जोड मागे घेत या. ज्या जोडाला आकडा एकदम घटला, त्याच्याच पलीकडे बिघाड आहे. रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्येच आकडा मोठा आला तर रिले आतून जळालेला आहे. आवाज करतो, पण करंट पुढे सोडत नाही. अर्थच्या बाजूला लाल टोक मोटरच्या अंगावर आणि काळं बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेलं की अर्थ वायर उघडा.

ती उघडाल तेव्हा नुसता बोल्ट घट्ट आहे का, एवढंच पाहू नका. वायर लगजवळ वाकवून पाहा. चांगली वायर लवचीक लागते. खराब झालेली ताठ आणि कुरकुरीत लागते. लगवरची रबरी नळी ब्लेडने चिरली की आत तांब्याच्या तारांवर हिरवट भुकटी दिसते आणि नख लावलं की तारा तुटून हातात येतात. बाहेरून सगळं काळंभोर आणि नीटनेटकं असतं. चिखलातून चालणाऱ्या गाडीत पाणी लगमधून वायरीत चढतं, म्हणून हा दोष फार आढळतो. वायर नवीच टाका, किंवा खराब भाग कापून नवा लग दाबून बसवा. चेसीवर जिथे अर्थ येतो तिथला रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून वर जोड बसवू नका.

मोटरच्या बोल्टवर पूर्ण १२ व्होल्ट पोचतात, अर्थही चांगला आहे, आणि तरी मोटर ढिम्म? तेव्हा मोटर काढा. बहुधा कार्बन ब्रश झिजलेले असतात. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर एकदा फिरली तर ब्रशचा संशय पक्का होतो, पण ती दुरुस्ती नव्हे.

एक शक्यता बाकी राहते. इंजिनच अडकलं असेल तर मोटर कितीही चांगली असो, फिरणार नाही. प्लग काढून पुन्हा किल्ली फिरवून पाहा. तरी हललं नाही तर सीव्हीटीचं, म्हणजे बेल्ट आणि पुल्यांच्या आपोआप बदलणाऱ्या गिअरचं, झाकण उघडा. तुटलेल्या बेल्टचे धागे पुढच्या पुलीच्या शाफ्टभोवती दोरखंडासारखे गुंडाळले गेले की क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) फिरत नाही. धागे कापून, खेचून काढा आणि झाकणाच्या आतला भुसाही साफ करा.

प्रश्न : माझ्या गाडीत ‘टक्’ही येत नाही. डिस्प्ले लागतो, बाकी शांतता.

उत्तर : मग बॅटरीच्या जाड वायरी सोडा आणि सुरक्षेच्या स्विचांकडे जा. बहुतेक यूटीव्ही ब्रेक दाबल्याशिवाय, किंवा गिअर पार्क अथवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. काहींत सीटखालीही स्विच असतो. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का? नसेल लागत तर पेडलजवळचा स्विच चिखलाने अडकला आहे किंवा त्याचा कनेक्टर सुटला आहे. डिस्प्लेवर ‘एन’ किंवा ‘पी’ ठळक येतो का? गिअरची केबल ताणली गेली की लिव्हर न्यूट्रलला दिसतो, पण गिअरबॉक्समधला स्विच दाबला जात नाही. लिव्हर किंचित पुढेमागे हलवत किल्ली फिरवा. एका ठिकाणी सेल्फ घेतला तर केबलची जुळणी करायची आहे.

एवढ्याने निभावलं नाही तर स्टार्टर रिलेला येणाऱ्या दोन बारीक वायरींवर मीटर लावा. किल्ली फिरवल्यावर तिथे १२ व्होल्ट आले आणि रिले गप्प राहिला तर रिले गेला. व्होल्ट आलेच नाहीत तर फ्यूज, किल्लीचा स्विच आणि वरचे स्विच क्रमाने तपासा. काही रिलेंना बारीक वायर एकच असते आणि अर्थ अंगातून मिळतो. तिथे मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसवर धरा. कोड असलेली किल्ली असेल तर डिस्प्लेवर तसा इशारा येतो का, तेही बघा.

रिलेचे जाड बोल्ट पान्याने जोडून इंजिन फिरवायची सवय बऱ्याच जणांना असते. सुरक्षेचे सगळे स्विच त्यात बाजूला पडतात. गिअरमध्ये राहिलेली गाडी अंगावर येऊ शकते, शिवाय ठिणगी उडते ती वेगळीच. मीटर हाताशी असताना तसं करायची गरज नाही.

प्रश्न : गाडी चार महिने उभी होती. बॅटरी चार्ज केली, इंजिन जोरात फिरतंय, पण पकडत नाही. इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन आहे. प्लग नवा टाकला, तरी तेच.

उत्तर : इंजिन पकडायला ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) या तीन गोष्टी लागतात. चार महिने उभ्या गाडीत संशय आधी इंधनावर घ्यायचा.

सगळं शांत असताना किल्ली फक्त ‘ऑन’ करा आणि कान टाकीकडे ठेवा. पंपाची ‘झ्झ्’ अशी गुणगुण दोन ते तीन सेकंद ऐकू यायला हवी. आली नाही तर पंपाचा फ्यूज बघा आणि त्याचा रिले शेजारच्या तसल्याच रिलेशी अदलाबदल करून पाहा. तरीही आवाज नसेल तर पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावून किल्ली ऑन करा. लॅम्प त्या दोन-तीन सेकंदांपुरता लागला तर वायर ठीक आणि पंप अडकलेला. लागलाच नाही तर पंप निर्दोष आहे, त्याला करंट मिळत नाहीये. उभ्या गाडीत उंदरांचा विचार नेहमी करा. टाकीवरून जाणारी वायरींची जुडी आणि एअर फिल्टरची पेटी या त्यांच्या आवडत्या जागा. पेटी उघडून आत घरटं नाही ना, ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पंप वाजत असेल तर किल्ली तीन-चारदा ऑन-ऑफ करा, दरवेळी पंप थांबेपर्यंत वाट बघा, मगच सेल्फ मारा. रिकाम्या झालेल्या नळीत दाब भरायला तेवढं पुरतं. नुसता आवाज म्हणजे दाब नव्हे. इंधनाच्या नळीवर गेज लावता आलं तर उत्तम. बऱ्याच यूटीव्हींत हा दाब २.७ ते ४ बारच्या दरम्यान असतो. त्याहून बराच कमी असेल तर गाळणी तुंबलेली आहे किंवा पंप थकलेला आहे.

आता टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं उजेडात ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर तेच कारण. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं, म्हणजे ३० लिटरच्या टाकीत जेमतेम १५० मिलिलिटर. त्याहून जास्त झालं, किंवा थंडी पडली, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि पंप नेमकं तळाचंच ओढतो. अशा पेट्रोलात नवं ओतून उपयोग नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, फिल्टर बदला, ताजं पेट्रोल भरा. थर नसला तरी रंग गडद आणि वास व्हार्निशसारखा आंबूस झाला असेल तर तेही फेकायचंच, पण गटारात किंवा मातीत नाही. बंद डब्यात भरून टाकाऊ तेल घेणाऱ्यांकडे द्या.

दरम्यान, प्लग काढून पाहा. पाच-सहा सेकंद सेल्फ मारल्यावर प्लग कोरडाच निघाला तर इंधन येत नाहीये. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा निघाला तर इंधन येतंय, पण पेटत नाही. ठिणगी टेस्टरनेच बघा. आधी इंजेक्टरचा कनेक्टर काढा, म्हणजे प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. उघड्या भोकाजवळ ठिणगी पाडून लोकांनी हात भाजून घेतले आहेत. ठिणगी निळसर आणि ठसठशीत हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर प्लगची टोपी, कॉइल आणि कॉइलचा अर्थ बघा. प्लगमधलं अंतर बहुतेक इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतं. नवा प्लगही पेटीतून पडून अंतर मिटलेला असू शकतो, म्हणून बसवण्याआधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा.

वारंवार सेल्फ मारून प्लग ओला झाला असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच सेकंद सेल्फ मारा. अनेक इंजेक्शन इंजिनांचा कंप्युटर याचा अर्थ ‘इंधन बंद कर, आतलं बाहेर फेकू दे’ असा घेतो. सगळ्यांत ही सोय नसते, म्हणून मॅन्युअल बघून करा. सेल्फ एका वेळी पाच ते दहा सेकंदच, आणि मध्ये किमान अर्धा मिनिट विश्रांती. इतकं करूनही प्लग चिंब निघत राहिला तर ऑइलची कांडी काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजेक्टर गळतोय. तो दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

प्रश्न : जुनी कार्बोरेटरची गाडी आहे. चोक ओढल्यावर सुरू होते, चोक बंद केला की बसते.

उत्तर : पायलट जेट तुंबलं आहे. मंद गतीचं पेट्रोल याच जेटमधून येतं आणि त्याचं भोक साधारण ०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शिवणाच्या सुईच्या जाडीहूनही बारीक असतं. पेट्रोल वाळून राहिलेला डिंकासारखा थर त्याला सहज बंद करतो. आधी फ्लोट बाउलच्या तळाचा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढा, ताजं येऊ द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. फरक पडला नाही तर बाउल उघडा आणि जेट काढून उजेडासमोर धरा. भोक गोल, स्वच्छ उजेडाचा ठिपका दिसायला हवं. अर्धचंद्र दिसला तरी ते तुंबलेलंच समजा. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, हवेचा झोत मारा. पोलादी तार घालू नका. भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल ओढत राहील.

चोक ओढलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही. या कार्बोरेटरांतला चोक हवेच्या ओढीवर जादा पेट्रोल देतो. थ्रॉटल उघडला की ती ओढ कमी होते आणि चोक असून नसल्यासारखा होतो.

प्रश्न : थंड असताना गाडी एका सेल्फमध्ये घेते. तासभर राबवून बंद केली की वीस मिनिटं काही केल्या सुरू होत नाही. नंतर आपोआप घेते.

उत्तर : हा दोष दुरुस्तीला नेईपर्यंत निघून जातो, म्हणून त्याला तो असतानाच पकडा. ठिणगीचा टेस्टर गाडीत ठेवा. गरम असताना बंद पडली की लगेच लावून बघा.

ठिणगी नसेल तर पहिला संशय क्रँक पोझिशन सेन्सरवर. फ्लायव्हीलजवळ बसलेली ही छोटी कॉइल इंजिन कुठल्या कोनात आहे ते कंप्युटरला सांगते. आतली तार कुठे भेगाळली असेल तर तापल्यावर जोड सुटतो आणि थंड झाल्यावर परत लागतो. थंड असताना कनेक्टरवर ओहम मोजा, मग सेन्सरला हेअर ड्रायरने तापवत मीटर बघत राहा. तापल्यावर धातूचा रोध थोडा वाढतो, ते ठीक. आकडा एकदम अनंतावर उडाला किंवा नाचू लागला तर सेन्सर बदला. नवा बसवताना त्याचं टोक आणि फ्लायव्हीलचा दात यांतलं अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवा. इग्निशन कॉइलचीही हीच परीक्षा घेता येते.

ठिणगी असेल तर टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्’ करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास घ्यायची नळी बंद आहे. वर जाताना ती मुडपली गेली असेल किंवा तिच्या तोंडात चिखल भरला असेल. झाकण उघडूनही सुरू होत नसेल तर गरम पंपाचा दाब मोजायला हवा. काही पंप थंड असताना पुरेसा दाब देतात आणि तापले की नांगी टाकतात.

प्रश्न : ओढा ओलांडताना इंजिन बंद पडलं. पुन्हा सेल्फ मारू का?

उत्तर : नाही. किल्ली काढा आणि गाडी ओढून कोरड्यावर आणा. पाणी दाबून लहान होत नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड त्या दिवशी चालेलही, पण नंतर तुटून इंजिनचं अंग फोडतो.

एअर फिल्टरची पेटी उघडा. फिल्टरच्या आतली, इंजिनकडची बाजू कोरडी असेल तर नशीब चांगलं. ती बाजू ओली असेल तर प्लग काढा. त्यांच्या वायरी इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून ठेवा, कारण मोकळ्या सोडल्या तर कॉइल जाऊ शकते. इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि भोकांपासून तोंड दूर ठेवून थोडाथोडा सेल्फ मारा. पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. ते थांबलं की भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून आणखी दोन-चार फेरे द्या.

ऑइलची कांडी दुधाळ दिसली तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, इंजिन काही मिनिटं चालवा आणि परत बदला. एकदा बदलून दुधाळपणा जात नाही. दोन-तीनदा करावं लागतं. हे पुढच्या सुट्टीवर टाकू नका. एका रात्रीत बेअरिंगांवर गंज धरायला लागतो. सीव्हीटीच्या झाकणाच्या तळाला बूच असतं, ते काढून पाणी सांडू द्या. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइलही तपासा.

प्रश्न : बॅटरी उतरली तर धक्का देऊन गाडी सुरू करता येते का?

उत्तर : सीव्हीटी बेल्टच्या बहुतेक यूटीव्हींत नाही. पुढची पुली इंजिन ठरावीक गतीने फिरायला लागल्यावरच बेल्टला आवळते. इंजिन थांबलेलं असताना बेल्ट तिच्यात सैल पडलेला असतो, म्हणून चाकं कितीही फिरवली तरी क्रँक हलत नाही. जम्पर केबल ठेवा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळा चांगलीच्या मायनसला, आणि शेवटचा बंद गाडीच्या चेसीला किंवा इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून दूर. देणारी बॅटरी १२ व्होल्टचीच हवी. कार वापरत असाल तर तिचं इंजिन बंद ठेवा. काढताना क्रम उलटा. गोठलेल्या किंवा फुगलेल्या बॅटरीला केबल लावायची नाही.

प्रश्न : दर आठवड्याला बॅटरी उतरते. विंच आणि एलईडी बार नंतर बसवलेले आहेत.

उत्तर : गाडी बंद असतानाही काहीतरी करंट पितंय. बॅटरीची मायनस वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर लावा, १० अँपिअरच्या रेंजवर. पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे कंप्युटर झोपी जाईल. २०-३० मिलिअँपिअरपर्यंत चालेल. १०० दिसले तर हिशेब करा : ३० अँपिअर-अवरची बॅटरी ३०० तासांत, म्हणजे साडेबारा दिवसांत पूर्ण रिकामी. सेल्फ न घेण्याइतकी तर सहाव्या-सातव्या दिवशीच. मीटर लावलेला असताना सेल्फ किंवा विंच चालवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आता एक-एक फ्यूज काढा. ज्याने आकडा पडला, तेच सर्किट. नंतर बसवलेल्या वस्तू बहुधा थेट बॅटरीवर जोडलेल्या असतात. त्यांचा रिले किल्लीवर चालणाऱ्या वायरीवरून घ्या.

गळती निघाली नाही तर चार्जिंग मोजा. इंजिन साधारण ३,००० फेऱ्यांवर असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. भाराखालचा विंच शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, तेवढं कुठलाच यूटीव्हीचा स्टेटर (इंजिनवरची वीज तयार करणारी कॉइल) देऊ शकत नाही. विंच वापरताना इंजिन चालू ठेवा आणि घरी आल्यावर बॅटरी चार्जरला लावा. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा, ३० अँपिअर-अवरला ३ अँपिअर.

प्रश्न : डिझेल यूटीव्ही. थंडीत सकाळी इंजिन नुसतं फिरत राहतं.

उत्तर : सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. हीटर प्लग तपासा. त्याची पट्टी काढून प्लगच्या टोकापासून इंजिनच्या अंगापर्यंत ओहम मोजा. चांगला प्लग साधारण एका ओहमच्या आसपास असतो, जळालेला अनंत दाखवतो. सगळे चांगले असतील तर किल्ली प्रीहीटवर असताना पट्टीवर व्होल्ट येतात का, ते बघा. नसतील तर रिले किंवा फ्यूज.

धूर अजिबात नसेल तर डिझेलच येत नाही. किल्ली ऑन केल्यावर पंपाजवळच्या स्टॉप सोलेनॉइडचा ‘टक्’ ऐका. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. नंतर फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की आवळा. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) जास्त दाबाच्या नळ्या सैल करायच्या नाहीत. ती धार कातडीतून आत शिरते आणि जखम लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. ईथरचा स्प्रे हीटर प्लगच्या इंजिनात मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फोडतो.

प्रश्न : ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी दर महिन्याला सुरू व्हायला जास्त वेळ घेते. मेकॅनिक म्हणतो, व्हॉल्व्ह बघू. आवाज तर काहीच नाही.

उत्तर : मेकॅनिक बरोबर सांगतोय. खडखड आवाज व्हॉल्व्ह सैल झाल्यावर येतो. या इंजिनांत बऱ्याचदा उलटं होतं. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, फट मिटते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. इंजिन शांत चालतं आणि कॉम्प्रेशन हळूहळू गळत जातं. फट इंजिन पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यांत वर असताना) फीलर गेजने मोजतात. ती बऱ्याचदा ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असते, इनटेक आणि एक्झॉस्टची वेगवेगळी. नेमका आकडा मॅन्युअलमधलाच घ्या.

कॉम्प्रेशन गेजवर पूर्ण विसंबू नका. सुरू करताना दाब मुद्दाम सोडणारी यंत्रणा कॅमशाफ्टवर असेल तर चांगल्या इंजिनातही आकडा कमी येतो. लीकडाउन टेस्ट करून घ्या : पिस्टन टीडीसीवर अडकवून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ऐकायचं. थ्रॉटलकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. रिंगांचा आवाज आला तर एअर फिल्टरनंतरच्या नळीत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नव्हता आणि तीच धूळ सिलेंडर घासत होती. इंजिन बांधण्याआधी फिल्टरची पेटी, तिचं रबर आणि क्लॅम्प दुरुस्त करा, नाहीतर नव्या रिंगाही त्याच वाटेने जातील.

प्रश्न : गाडी कलंडली होती. सरळ उभी केल्यावर इंजिन फिरतं, पण पकडत नाही आणि पंपही वाजत नाही.

उत्तर : काही गाड्यांत टिप-ओव्हर सेन्सर असतो. गाडी कलंडली की तो इंधन आणि ठिणगी तोडतो. किल्ली बंद करून मिनिटभर थांबा आणि पुन्हा ऑन करा. तरी पंप गप्प असेल तर सेन्सर त्याच्या जागेवर, बाणाची खूण वर ठेवून, घट्ट बसलेला आहे का ते पाहा. आपटल्यावर तो बऱ्याचदा एका स्क्रूवर लोंबकळत असतो. पंप वाजू लागला तरी लगेच सेल्फ मारू नका. गाडी आडवी असताना ऑइल एअर फिल्टरच्या पेटीत आणि सिलेंडरमध्ये शिरलेलं असू शकतं. आधी प्लग काढून इंजिन फिरवा, ऑइलची पातळी बघा, पेटी पुसून घ्या, आणि मगच प्लग बसवून सुरू करा. पहिली काही मिनिटं सायलेन्सरमधून निळा धूर येईल. तो थांबला नाही तर पेटीत अजून ऑइल आहे.